एचडीआर फोटोतला नॉइज: तो येतो कुठून आणि कमी होतो कुठे

खिडकीबाहेर लख्ख ऊन आहे, आत टेबलाखाली जवळजवळ काळोख आहे आणि दोन्ही एकाच फोटोत नीट दिसायला हवंय. एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) छायाचित्रण असल्याच प्रसंगांसाठी आहे. कमी-जास्त एक्स्पोजरच्या, म्हणजे कमी-जास्त प्रकाश घेतलेल्या, काही फ्रेम्स घ्यायच्या, त्या जोडायच्या, की बाहेरचे ढगही दिसतात आणि टेबलाचे पायही. पण फोटो मोठा करून टेबलाखालचा भाग पाहिला की तिथे जांभळे-हिरवे ठिपके आणि रवाळ पोत दिसतो. यालाच नॉइज म्हणतात. मग लोक म्हणतात, एचडीआर केलं की नॉइज वाढतो.

हे उलटं आहे. नॉइज सावलीत आधीपासूनच असतो, आणि फ्रेम्स जोडणं हा तो कमी करण्याचा आपल्या हातातला सगळ्यात जोरकस उपाय आहे. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक तर फ्रेम्स घेताना सावलीसाठी पुरेसा प्रकाश गोळाच केलेला नसतो. आणि दुसरं, टोन मॅपिंग करताना, म्हणजे जोडलेला फोटो पडद्यावर दिसेल अशा छटांत बसवताना, तीच उपाशी सावली जोर लावून वर उचलली जाते. सॉफ्टवेअरमधली नॉइज रिडक्शनची (नॉइज कमी करण्याची) पट्टी या सगळ्यानंतर येते. जो प्रकाश कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागापर्यंत, पोचलाच नाही, तो तिथे आणता येत नाही.

प्रकाश मुळातच दाणेदार

नॉइज हा कॅमेऱ्याचा दोष आहे, असा सर्वसाधारण समज. पण त्याचा मोठा भाग कॅमेऱ्यातून येतच नाही, खुद्द प्रकाशातून येतो. प्रकाश फोटॉनांच्या रूपात येतो आणि फोटॉन ठरावीक अंतर राखून रांगेत येत नाहीत. फरशीच्या सारख्या चौकोनांवर पावसाचे थेंब पडतात तेव्हा एका चौकोनावर दहा, शेजारच्यावर तेरा, पलीकडच्यावर सात पडतात. पाऊस सगळीकडे सारखाच असतो. पिक्सेलांचं तेच होतं. एकाच रंगाच्या सपाट भिंतीचा फोटो काढला तरी शेजारशेजारच्या पिक्सेलांचे आकडे जुळत नाहीत. याला शॉट नॉइज म्हणतात.

पडलेल्या फोटॉनांमुळे पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठतात आणि कॅमेरा तेच मोजतो. चढउताराचा हिशोब सोपा आहे: सरासरी जितके इलेक्ट्रॉन मोजले गेले, त्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार. १०,००० मोजले तर चढउतार १००, म्हणजे १ टक्का. तो डोळ्याला जाणवत नाही. १०० मोजले तर चढउतार १०, म्हणजे १० टक्के, आणि तो जाणवतो. प्रकाश वाढला की नॉइजचा आकडाही वाढतो, पण सिग्नल त्याच्या कितीतरी पट वाढतो, आणि डोळ्याला दिसतं ते या दोघांचं गुणोत्तर. पुढे जिथे जिथे 'गुणोत्तर' म्हटलं आहे तिथे सिग्नल भागिले नॉइज असं समजावं. ते जितकं मोठं, तितका फोटो स्वच्छ.

दुसरा हिस्सा रीड नॉइजचा. पिक्सेलमध्ये साठलेला विद्युतभार वाचून त्याचा आकडा तयार करताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची थोडी भर घालतं. आजच्या चांगल्या कॅमेऱ्यांत ही भर पिक्सेलमागे काही मोजक्या इलेक्ट्रॉनांची असते. उजेडात ती कुणाच्या खिजगणतीतही नसते. पण ज्या पिक्सेलला मिळालेच दोन इलेक्ट्रॉन, तिथे तीन इलेक्ट्रॉनांचा रीड नॉइज सगळं झाकोळून टाकतो. तिसरा हिस्सा सेन्सरच्या उष्णतेतून येणाऱ्या डार्क करंटचा. तो अनेक सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये डोकं वर काढतो आणि सेन्सरचं तापमान साधारण सहा ते आठ अंश सेल्सिअस वाढलं की दुप्पट होतो.

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यातली संवेदनशीलतेची सेटिंग, तिच्याबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही, गोळा झालेला सिग्नल फक्त मोठा केला जातो. जास्त आयएसओचे फोटो दाणेदार दिसतात कारण तो आयएसओ लावला की कॅमेरा शटर कमी वेळ उघडतो, आणि प्रकाश तिथे कमी पडतो.

एका काळोख्या कोपऱ्याचा हिशोब

आता त्या खोलीत परत जाऊ आणि आकडे मांडू. समजा एक पिक्सेल जास्तीत जास्त ५०,००० इलेक्ट्रॉन साठवू शकतो आणि रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन आहे. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी हे आकडे वास्तवाला धरून आहेत. ५०,००० भागिले ३ केलं की साधारण १४ स्टॉपची डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत काळोख्या ते सर्वांत उजळ छटेचा आवाका, निघते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). कागदावर हे भरपूर वाटतं. पण त्या १४ स्टॉपचं तळाचं टोक म्हणजे सिग्नल आणि नॉइज सारखेच असण्याची जागा. तिथे तपशील दिसत नाही, फक्त काहीतरी आहे एवढं कळतं.

खिडकीबाहेरचे हायलाइट (सर्वांत उजळ भाग) जळू नयेत, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे होऊ नयेत, म्हणून आपण १/५०० सेकंदाला फ्रेम घेतली. टेबलाखालच्या कोपऱ्याला त्यात पिक्सेलमागे २५ इलेक्ट्रॉन मिळाले. शॉट नॉइज ५, रीड नॉइज ३. हे दोन नॉइज थेट बेरजेने जोडले जात नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. म्हणजे २५ अधिक ९, बरोबर ३४, वर्गमूळ साधारण ५.८. गुणोत्तर जेमतेम ४. हा कोपरा संगणकावर चार स्टॉप वर उचलला तर सिग्नल १६ पट होतो, नॉइजही १६ पट होतो आणि गुणोत्तर ४ च राहतं. फरक इतकाच, की आधी जे काळोखात लपलं होतं ते आता उजेडात आलं.

तोच कोपरा १/३० सेकंदाच्या फ्रेममध्ये, म्हणजे चार स्टॉप जास्त प्रकाशात: ४०० इलेक्ट्रॉन, एकूण नॉइज साधारण २०, गुणोत्तर २०. आणि अर्ध्या सेकंदाच्या फ्रेममध्ये ६,४०० इलेक्ट्रॉन, नॉइज ८०, गुणोत्तर ८०. चाराचे ८० झाले, तेही कुठलंही फिल्टर न लावता. त्या फ्रेममध्ये खिडकी पूर्ण पांढरी जळलेली असेल, पण खिडकीसाठी आपल्याकडे १/५०० ची फ्रेम आहेच. एचडीआरचा खरा फायदा हा आहे, आणि तो घ्यायचा तर सर्वांत लांब फ्रेम पुरेशी लांब असायला हवी.

बहुतेकांचं इथेच चुकतं. कॅमेऱ्यातली उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप ही तयार सेटिंग लावली आणि मीटर (प्रकाश मोजून एक्स्पोजर ठरवणारी कॅमेऱ्यातली यंत्रणा) खिडकीवर गेला, तर अधिक दोनची फ्रेमसुद्धा कोपऱ्यासाठी अपुरीच ठरते. मीटर काय म्हणतो त्यापेक्षा फ्रेम काय दाखवते ते बघावं. सर्वांत आखूड फ्रेममध्ये महत्त्वाचा एकही हायलाइट जळलेला नको. आणि सर्वांत लांब फ्रेममध्ये, ज्या काळोख्या भागात तपशील हवा आहे तो मधल्या करड्या छटेच्या आसपास यायला हवा, हिस्टोग्रामच्या (डावीकडे काळोखे, उजवीकडे उजळ पिक्सेल किती ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) डाव्या भिंतीला चिकटलेला नको. उजवीकडची गर्दी पाहून घाबरायचं कारण नाही. त्या फ्रेममधली खिडकी आपण वापरणारच नाही आहोत.

एक लांब की अनेक आखूड?

नॉइज कमी करायचा दुसरा रस्ता म्हणजे सारख्याच फ्रेम्स भरपूर घेऊन त्यांची सरासरी काढणं. चार फ्रेम्सची सरासरी घेतली की नॉइज निम्मा होतो, १६ घेतल्या की पाव. यातही वर्गमुळाचाच नियम आहे. मग १/५०० च्या १६ फ्रेम्स घेतल्या काय आणि १/३० ची एक घेतली काय, सारखंच ना? एकूण प्रकाश तर तेवढाच.

आपल्या कोपऱ्यात जवळजवळ सारखंच. १६ फ्रेम्स मिळून गुणोत्तर १७ येतं, एका लांब फ्रेमचं २०. पण त्याहून काळोख्या जागी, जिथे १/५०० ला दोनच इलेक्ट्रॉन मिळतात, चित्र बदलतं. तिथे १६ आखूड फ्रेम्सचं गुणोत्तर साधारण २.४ येतं आणि एका लांब फ्रेमचं ५, म्हणजे दुप्पट. कारण रीड नॉइज हा प्रत्येक वाचनामागे द्यावा लागणारा कर आहे. १६ वेळा वाचलं की १६ वेळा भरावा लागतो. म्हणून ट्रायपॉड असेल आणि समोरचं काही हलत नसेल, तर एक लांब फ्रेम नेहमीच सरस. ती घेऊन झाल्यावर आणखी स्वच्छता हवी असेल, तर त्याच लांब फ्रेमच्या दोन-चार प्रती घ्याव्यात आणि आधी त्यांची सरासरी काढावी. आखूड फ्रेम्सच्या प्रती घेण्यात फारसा अर्थ नाही. त्या ज्या उजळ भागासाठी वापरायच्या, तिथे प्रकाश मुबलकच असतो.

फोनचं गणित वेगळं आहे. हातात धरलेला फोन अर्धा सेकंद स्थिर राहत नाही. गूगलच्या सॅम्युएल हॅसिनॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली फोनसाठीच्या एचडीआर प्लस पद्धतीचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्या पद्धतीत वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम्स घेतच नाहीत. हायलाइट वाचावेत म्हणून मुद्दाम कमी एक्स्पोज केलेल्या, सगळ्या सारख्याच फ्रेम्सची झटपट मालिका घेतली जाते, रॉ स्वरूपातच (सेन्सरचे आकडे प्रक्रिया न करता) त्या एकमेकांवर बसवल्या जातात आणि मग जोडल्या जातात. रीड नॉइजचा कर जास्त भरावा लागतो, पण सगळ्या फ्रेम्स सारख्या असल्याने त्या अचूक जुळवता येतात आणि हललेल्या भागांची दगदग कमी होते. हातात कॅमेरा धरून काम करणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे.

जोडताना कुणाचं किती ऐकायचं

फ्रेम्स जोडताना प्रत्येक पिक्सेलसाठी प्रश्न असतो: कोणत्या फ्रेमवर किती विश्वास ठेवायचा? पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या संशोधकांनी १९९७ साली मांडलेल्या गाजलेल्या पद्धतीत मधल्या छटांना सर्वांत जास्त वजन होतं, आणि दोन्ही टोकांकडे ते उतरत जात होतं. कॅमेऱ्याचा प्रतिसाद, म्हणजे किती प्रकाशाला तो किती आकडा देतो, हे आधी माहीत नसताना हे शहाणपणाचं होतं. रॉ फाइलमध्ये मात्र आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात असतात. तिथे सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे जो पिक्सेल जवळजवळ भरला आहे पण ओसंडलेला नाही. तो जितका भरलेला, तितके जास्त इलेक्ट्रॉन, तितकं गुणोत्तर चांगलं. म्हणून नॉइजचा विचार करून केलेल्या पद्धती लांब फ्रेमला जास्त वजन देतात आणि पिक्सेल जळतो त्या क्षणी ते काढून घेतात.

यातून एक न दिसणारी शिवण तयार होते. लांब फ्रेम जिथे जळते, त्याच्या किंचित अलीकडे पिक्सेलमध्ये जवळपास ५०,००० इलेक्ट्रॉन असतात, गुणोत्तर २२० च्या वर. त्याच्या किंचित पलीकडे पुढची फ्रेम कारभार हाती घेते. दोन फ्रेम्समध्ये दोन स्टॉपचं अंतर असेल तर तिथे १२,५०० इलेक्ट्रॉन असतात आणि गुणोत्तर ११२. काही बिघडलं नाही. तीन स्टॉप असेल तर ७९, तेही चालतं. पण कुणी वेळ वाचवायला दोनच फ्रेम्स घेतल्या आणि अंतर सहा स्टॉप ठेवलं, तर गुणोत्तर एकदम २८ वर कोसळतं. भिंतीवर खिडकीचा उजेड हळूहळू वाढत जातो तिथे ही शिवण दिसते. गंमत म्हणजे अशा वेळी भिंतीचा जास्त उजळ भाग दाणेदार असतो आणि काळोखा भाग गुळगुळीत. असा पट्टा दिसला की नॉइज रिडक्शनची पट्टी ओढत बसण्याऐवजी मधली फ्रेम राहिली आहे का ते बघावं. रॉ मध्ये काम करत असाल तर दोन स्टॉपचं अंतर अगदी निर्धोक, तीन स्टॉपही पुरतं. एकेका स्टॉपने नऊ फ्रेम्स घेण्याची गरज मला क्वचितच वाटते.

जेपेग फ्रेम्स जोडू नयेत, हेही याच कारणासाठी. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच टोन कर्व्ह लावलेला असतो (छटा वरखाली केलेल्या असतात), नॉइज पुसलेला असतो, वर शार्पनिंग (कडा धारदार करणं) केलेलं असतं, आणि सावलीतल्या बारीक छटा ८ बिटांत (प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांत) दाबल्या गेलेल्या असतात. नॉइज कुठे किती आहे याचा माग मग लागत नाही.

फ्रेम्स घेताना

ट्रायपॉड, सर्वांत कमी मूळ आयएसओ, ठरवून ठेवलेलं अॅपर्चर (भिंगाचं छिद्र), आणि बदल फक्त शटरच्या वेळेत. अॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि फ्रेम्स जुळत नाहीत. ऑटो आयएसओ आवर्जून बंद करावा. काही कॅमेऱ्यांत तो चालू असताना ब्रॅकेटिंग केलं, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम्स एकापाठोपाठ आपोआप घेतल्या, तर कॅमेरा शटरऐवजी आयएसओच वरखाली करतो. मग अधिक दोनची फ्रेम पडद्यावर उजळ दिसते, पण तिच्यात जास्तीचा एकही फोटॉन नसतो. फोटो काढताना हे लक्षात येत नाही. नंतर फाइलची माहिती उघडली आणि सगळ्या फ्रेम्सचा शटर वेग एकच दिसला, की उलगडा होतो.

मूळ आयएसओच्या नियमाला एक अपवाद आहे. हातात कॅमेरा आहे किंवा पानं हलताहेत, त्यामुळे शटर अमुक वेळेपेक्षा जास्त उघडं ठेवताच येत नाही, अशा वेळी सावलीच्या फ्रेमचा आयएसओ वाढवणं योग्य ठरतं. हॅसिनॉफ, फ्रेडो ड्युरँड आणि विल्यम फ्रीमन यांनी २०१० साली हे हिशोबाने दाखवलं होतं. कारण असं की रीड नॉइजचा काही भाग सिग्नल मोठा केल्यानंतरच्या टप्प्यात मिसळतो. आधीच मोठ्या झालेल्या सिग्नलपुढे तो भाग क्षुल्लक ठरतो. प्रकाश तेवढाच, पण वाचन जास्त स्वच्छ. मात्र हा फायदा वेळेची मर्यादा असतानाच. शटर जास्त वेळ उघडं ठेवणं शक्य असेल तर तेच करावं.

भिंगाची काच पुसून घ्यावी, आणि गरज नसलेलं फिल्टर काढून ठेवावं. लांब फ्रेममध्ये खिडकीचा प्रचंड उजेड भिंगाच्या आत उसळून सावलीवर पांढुरका पडदा पसरवतो. त्या पडद्यानेही इलेक्ट्रॉन वाढतात आणि त्यांचा शॉट नॉइज सोबत येतो, पण त्यात टेबलाखालची माहिती काहीच नसते. नंतर काँट्रास्ट वाढवून पडदा हटवता येतो, त्याचा नॉइज मात्र मागे उरतो.

जे हलतं, ते दाणेदार राहतं

झाडाची फांदी, चालणारा माणूस, पाणी: हे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतं. सॉफ्टवेअरचं डीघोस्टिंग (हललेल्या वस्तूंच्या भुतासारख्या प्रतिमा काढण्याची सोय) अशा भागासाठी एकच फ्रेम निवडतं आणि बाकीच्या सोडून देतं. म्हणजे त्या भागापुरतं एचडीआर होतच नाही, एका फ्रेमचा नॉइज जसाच्या तसा येतो. शांत भिंतीसमोर दाणेदार माणूस उभा दिसतो, त्याचं कारण हे. डीघोस्टिंगची पातळी म्हणूनच सरसकट उच्च ठेवू नये. जे खरंच हललंय तेवढंच निवडलं जाईल इतकी ठेवावी, आणि कोणता भाग निवडला गेला ते दाखवणारा रंगीत थर सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तो चालू करून तपासावा. कधीकधी नॉइजलाच हालचाल समजून अख्खी सावली वगळली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते.

सॉफ्टवेअरमध्ये क्रम महत्त्वाचा

नॉइज रिडक्शन टोन मॅपिंगच्या आधी करावं. आधीच्या टप्प्यावर नॉइज नियमाने वागतो, किती इलेक्ट्रॉनांमागे किती चढउतार हे ठरलेलं असतं, आणि चांगली सॉफ्टवेअर त्या नियमाचा वापर करून तपशील आणि नॉइज वेगळे ओळखतात. टोन मॅपिंगने एक कोपरा आठ पट उचलला, दुसरा दोन पट, तिसरा दाबला, की तो नियम मोडतो. मग एकाच पातळीचं फिल्टर एके ठिकाणी कमी पडतं आणि दुसरीकडे कातडी मेणासारखी करून टाकतं.

रंगांचा नॉइज आणि उजेडाचा नॉइज वेगळे हाताळावेत. रंगांच्या बारीक तपशिलाला आपला डोळा कमी संवेदनशील असतो, त्यामुळे जांभळे-हिरवे ठिपके मोकळ्या हाताने पुसता येतात. उजेडाच्या नॉइजला मात्र हलका हात हवा, कारण कापडाचा पोत आणि लाकडाच्या रेषा त्याच थरात असतात. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात काम केलं असेल तर निळा चॅनल (फोटोतला निळ्या रंगाचा थर) स्वतंत्रपणे पाहावा. त्या प्रकाशात निळा भाग मुळातच थोडा असतो, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून होणारी रंगदुरुस्ती) त्याला गुणून वर आणतो आणि सर्वांत जास्त नॉइज तिथे साचतो.

क्लॅरिटी, स्ट्रक्चर, लोकल काँट्रास्ट या पट्ट्यांपासून सावली जपावी. बारीक फरक ठळक करणं हेच त्यांचं काम, आणि नॉइज म्हणजे बारीक फरकच. मर्टेन्स, कौट्झ आणि फान रीथ यांच्या २००७ सालच्या एक्स्पोजर फ्युजन (फ्रेम्स थेट मिसळण्याच्या) पद्धतीतही हाच धोका थोडा आहे: काँट्रास्ट जास्त दिसेल त्या फ्रेमला ती वजन देते, आणि दाणेदार फ्रेममध्ये तो काँट्रास्ट खोटाही असू शकतो. शार्पनिंगला मास्क लावावा, सपाट भाग त्यातून वगळावेत. आणि प्रत्येक सावली उजळ करायलाच हवी असंही नाही. टेबलाखाली डोळ्यालाही जे जेमतेम दिसतं, ते फोटोत जेमतेमच दिसू द्यावं. एका स्टॉपने कमी उचललं तर पडद्यावर नॉइजही तेवढाच कमी उठतो.

उलट टोकाची चूक म्हणजे शेवटचा दाणासुद्धा पुसणं. निळ्या आकाशातली हळुवार छटा अगदी गुळगुळीत केली आणि फोटो ८ बिटांत निर्यात केला, की तिथे पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागतात. थोडासा बारीक नॉइज त्या पायऱ्यांच्या कडा विस्कटून टाकतो आणि छटा सलग दिसते. त्यामुळे काम १६ बिटांतच करावं, आकाशात नॉइज रिडक्शन हात राखून वापरावं, आणि शेवटी पट्टे दिसलेच तर पूर्ण फोटोवर अगदी हलका, सारखा ग्रेन (मुद्दाम घातलेले बारीक दाणे) घालावा. डीघोस्टिंगने दाणेदार राहिलेला माणूस आणि त्याच्यामागची स्वच्छ भिंत यांच्यातली तफावतही त्यामुळे कमी जाणवते.